बहिऱ्याच्या घरी ट्रान्झिस्टर

संत तुकाराम नगर, पिंपरी
ता. ३ मार्च १९७६

ती. ज्योतीदादा यांस,
नीलाचा स. जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, फक्त आबा रागावलेत, आणि तेही तुझ्यावर. काल पोस्टमन मारुतराव एक चिठ्ठी घेऊन आले. तुझं पार्सल आलंय, आत ट्रान्झिस्टर आहे आणि तीनशे बारा रुपये जकात भरल्याशिवाय ते हाती पडणार नाही. मी महिनाभर टाइपरायटर बडवते तेव्हा जेमतेम एवढे मिळतात. आई म्हणाली, एवढ्यात इथंच रेडिओ आला असता आणि बिघडला तर दुकानदाराशी भांडताही आलं असतं.

आबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, बहिऱ्याच्या घरी ट्रान्झिस्टर, पोरगं चांगलं शिकलं. पार्सल परत पाठवा असं फर्मान काढून ते भरल्या ताटावरून उठले. दादा, कारखान्यात घणाच्या खात्यात बावीस वर्षं काढून त्यांचे कान गेले, हे तू विसरला नाहीस ना? हल्ली ते विहारातही जात नाहीत. कुणी हसलं की आपल्यालाच हसलं असं त्यांना वाटतं. गेल्या महिन्यात रस्ता ओलांडताना मागून आलेला ट्रक त्यांना कळलाच नाही. शेजारच्या साहेबरावांनी दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. हे तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं, पण रागाच्या भरात लिहून टाकते.

नक्की काय पाठवलंस ते कळव. पोस्टमास्तरांकडून महिन्याची मुदत मागून घेतली आहे. आईचा आशीर्वाद. मी रागावले तरी माया कमी झालेली नाही, तुझीही होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी,
नीला


कुवेत
ता. १३ मार्च १९७६

चि. नीला हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि माझंही ताट तसंच राहिलं. अगं, तो रेडिओ नाही. आबांसाठी कानाचं यंत्र आहे. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, खिशात ठेवायची. तिची वायर कानात घालायची आणि चकती फिरवून आवाज कमीजास्त करायचा. मी दुकानात लावून पाहिलं, तर रस्त्यापलीकडच्या माणसाच्या चपला ऐकू आल्या. सहा महिने ओव्हरटाइम केला तेव्हा ते घेता आलं.

चूक माझीच. खोक्यावर मोठ्या अक्षरात ट्रान्झिस्टर आणि खाली बारीक अक्षरात कानाचं यंत्र असं छापलेलं. शिफ्टची गाडी सुटत होती. पोस्टातल्या फॉर्मवर मी मोठं अक्षर उतरवलं आणि पळालो. घरी आधी सांगितलं असतं तर आबांनी नको म्हटलं असतं, म्हणून गुपचूप पाठवलं.

दुकानाचं बिल सोबत जोडतो. तू तिथल्या डॉक्टरांचा दाखला घे आणि जकात कमी करण्याचा अर्ज कर. पैशाचं बघता येईल, पण एकदा ट्रान्झिस्टर म्हणून सोडवून आणलं की आबा जन्मभर त्यात गाणी शोधतील. ट्रकचं वाचून झोप नाही. असलं मला रागात नाही, वेळेवर कळवत जा. आईला जयभीम, तुला माया.

तुझा,
ज्योतीराम


पिंपरी
ता. २८ मार्च १९७६

ती. ज्योतीदादा यांस,
नीलाचा स. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी केली, पुन्हा उलगडून वाचलं आणि उठून दाढी करायला बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा दाखला घेऊन आम्ही पुण्याच्या जकात कचेरीत गेलो. अर्ज मी स्वतः टाइप केला होता, एकही खाडाखोड नाही.

तिथले साहेब वयस्कर, शिस्तीचे. त्यांनी आबांना नाव विचारलं, आबांनी सांगितलं. गाव विचारलं, पुनावळे म्हणून सांगितलं. वय, नोकरी, सगळ्याची उत्तरं फटाफट. साहेबांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, बाई, यांना माझ्या शिपायापेक्षा चांगलं ऐकू येतं. मी सांगितलं की घणाच्या खात्यात सगळेच ओठ वाचायला शिकतात. त्यांना ते पटलं नाही. दाखले काय, कुणीही आणतो, असं म्हणत ते नियमांचं पुस्तक काढायला कपाटाकडे वळले.

पाठमोरे असतानाच त्यांनी काहीतरी विचारलं. आबा त्यांच्या पाठीकडे बघत आदबीनं हसत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. पलीकडच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. आबा तसेच हसत होते. साहेब वळले तेव्हा सगळे आपल्याकडेच बघताहेत हे आबांना दिसलं आणि आपलं काहीतरी चुकलं हे कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. ते सावकाश म्हणाले, साहेब, पाठ फिरवली की माणूस माझ्यासाठी मुका होतो.

साहेब खाली बसले. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य ते आबांकडे तोंड करून, सावकाश बोलले. पुस्तकात कानाच्या यंत्राला माफी निघाली. त्यांनी चिठ्ठीवरचा ट्रान्झिस्टर स्वतःच्या हातानं खोडला. पार्सल काल घरी आलं. बाकीचं आबा स्वतः लिहिणार आहेत आणि मला दाखवणार नाहीत म्हणे.

जपून राहा, आणि फॉर्म भरताना बारीक अक्षर वाचत जा. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
नीला


पिंपरी
ता. ४ एप्रिल १९७६

चि. ज्योतीरामास,
धोंडीबाचा आशीर्वाद.

आमी समदी खुशाल हाय. सोता लिहितोय, अक्षराला हसू नको. पहिल्या दिवशी यंत्रानं डोकं उठवलं. भांडी, कावळे, शेजारचं पोर, समदी एकदमच बोलाय लागली. नळाचं पानी एवढं वरडतं हे मी इसरलो हुतो. आता कानात बसलंय. परवा विहारात मागच्या ओळीत बसून समदं ऐकलं. लोक मला हसत न्हवते, साहेबरावाच्या इनोदाला हसत हुते. इनोद काई खास न्हवता.

तुज्या आयनं हाक मारली, तवा कोन म्हातारी आली म्हणून मी वळून बघितलं. तीच हुती. माज्या ध्यानात तिचा नऊ वर्सांमागचा आवाज बसलेला. ती अजून तसंच बोलतीया असं मी धरून चाललो हुतो. तिला काई बोललो न्हाई. ऐकलं न्हाई असं दाखवून आनखी दोनदा हाक मारायला लावली.

तुज्यावर रागावलो, ते मनात ठेवू नको. म्हाताऱ्यावरची माया हाय तशी ऱ्हाऊ दे. आनि एक. तू गेलास तवा टेसनावर खिडकीतनं काईतरी सांगत हुतास. गाडी हालली, तुजं तोंड फिरलं, मला कळलं न्हाई. मी नुसतीच मान हालवली. रजेवर येशील तवा ते परत सांग.

तुजा बाप,
धोंडीबा