पहिलं एक मिनिट

शुक्र. ९ जाने., दहिवली
शेवटचा तास शिकवून शाळेतून थेट घरी. चहा तसाच निवला, आधी नवा गेम लावला. मुज्जू तीन महिने डोकं खात होता, "पयल्याच दिवशी खेळ रं, आन् तुझ्या व्हिडिओत सांग कसा हाय." अंतराळातला, बंदुकीचा.
खेळलो. डोकं फिरलं! सगळ्या जगानं खेळलेल्या त्या गेमची नक्कल. (मूळ = मू., हा = न.) तोच काचेचा टोप, तीच निळी तलवार, तेच बुटके शत्रू. मू.मधले शत्रू आडोसा तरी शोधतात. न.मधले भिंतीत नाक खुपसून उभे.
बायको, स्वाती, आतून, "ओरडतोयस कुणावर? घरात मी एकटीच आहे."

शनि. १०
न. संपवला. सहा तास फुकट. नवा टप्पा लागला की पहिलं एक मिनिट गोळी मारायची नाही, हा माझा नि मुज्जूचा नियम. लहानपणी मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायचो, दोघांचे वडील एकाच कारखान्यात, दोघांत जॉयस्टिक एकच. खेळणारा पळत सुटला की शेजारी बसलेल्याला काही बघायला मिळायचं नाही, म्हणून. न.मध्ये एकदाही पाळला नाही. उसन्या चित्रात बघायचं काय?

रवि. ११
व्हिडिओ टाकला. सगळं बोललो. शेवटी, "हे ज्यांनी बनवलं त्यांनी जन्मात स्वतःच्या डोळ्यांनी काही बघितलेलं नाही." वाक्य झकास जमलं. मीच दोनदा ऐकलं.
मुज्जूचा फोन नाही. खेळ म्हणून मागे लागला आणि आता तोंड लपवून बसलाय.

सोम. १२
फोन आला. पुण्यात कुठल्याशा स्टुडिओत तो चित्रांचं काम करतो, कसलं ते सांगायची परवानगी नाही, एवढंच मला ठाऊक होतं.
"चौथा टप्पा मी केलाय," म्हणाला. "वरनं हुकूम व्हता, हुबेहूब तसंच पायजे. तीन वर्सं तेच केलं. येक जागा तेवढी माझी हाय. तू मिनिटभर उभा ऱ्हायलास का रं?"
"नाही."
"बरं." ठेवला.
अरे, आधी सांगायला काय झालं होतं! करार गेला खड्ड्यात. मला तरी सांगायचंस!

बुध. १४
संक्रांत. पोरं हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला सांगत होती. मला!
घरी येऊन चौथा टप्पा लावला. उभा राहिलो. बराच वेळ काही नाही. मग भोंगा. आमच्या कारखान्याचा, दुपारच्या पाळीचा. धूर विरला, आणि त्या परग्रहावर कॉलनीचं वाकडं गेट, शेजारी आम्ही दोघं बसायचो ती पायरी. पुन्हा लावून एक गोळी मारून पाहिली. मग यातलं काहीच येत नाही.
रडलो. मग परत संताप. त्याच्या साहेबांचा, त्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

शुक्र. १६
मेसेज टाकला, व्हिडिओ काढू का?
उत्तर: "काढू नको. गेम भंगारच हाय. पन तुझं शेवटचं वाक्य अब्बांनी ऐकलं."

रवि. १८
शिळफाट्याला त्याच्या घरी गेलो. मुज्जू आलाच नाही या आठवड्यात, पुण्यालाच थांबलाय. दार अब्बांनी उघडलं. चहा दिला. व्हिडिओचा शब्द काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना म्हणाले, "त्या भोंग्याचं रेकॉर्डिंग कुनाकडंच नव्हतं. म्हून त्यानं माझ्याकडनं तोंडानं वाजवून घेतला. बरोबर लागलाय का रं?"
"लागलाय, चाचा."
गाडीवर शिळफाटा ते दहिवली स्वतःला शिव्या.
आल्या आल्या चौथा टप्पा. दोघांनी खेळायचा तो पर्याय निवडला, मुज्जूला बोलावणं धाडलं. पडद्यावर 'दुसऱ्या खेळाडूची प्रतीक्षा'. भोंगा मघाशीच वाजून गेला. शत्रू मारतायत, मारू देत. हे लिहितोय आणि तिकडे मी गेटसमोर उभा आहे, गोळी न मारता.