अर्ध्या किमतीत देशी

१८ मे
निवृत्तीनंतर काय करायचं, हा प्रश्न आज सुटला. सकाळी मोबाईलवर एक भाषण ऐकलं. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं सगळी उपाशी मरतायत, कारण लोक अंगणात शोभेची परदेशी झाडं लावतात आणि त्यांत यांना खायला काही नसतं. परागीकरण थांबलं की भाजी नाही, फळ नाही, काही नाही. ऐकून उभारीच आली. उभा जन्म पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला योजना कशी राबवायची हे शिकवावं लागत नाही.
सुरेखाला सांगितलं. ती गुडघ्याला तेल चोळत होती. म्हणाली, करा तुमच्या मनाला येईल ते. घरातून मंजुरी मिळाली.

२१ मे
पडेगावला याह्याभाईंच्या नर्सरीत जाऊन आलो. तरवड, निर्गुडी, अडुळसा, रानतुळस मागितली. याह्याभाई हसले. म्हणाले, साहब, तरवड तो रोड के बाजू में फोकट में उगता, नर्सरीत कौन रखेगा. पाहिजे असेल तर बी आणून रोपं करून देतो म्हणाले, पण खास ऑर्डर असल्यानं बोगनवेलीपेक्षा महाग पडतील.
म्हणजे भाषण खरं होतं. देशी झाड साध्या घरमालकाला परवडतच नाही. उपाय एकच : अनुदान. अर्धी किंमत लाभार्थी, अर्धी मी. ऑर्डर देऊन टाकली. निधीचं बघायचं आहे.

२४ मे
निधीचं झालं. सुरेखाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची एफडी बँकेत नुसती पडून होती. डॉक्टरांनी जुलै म्हटलं होतं, पण पावसाळ्यात ऑपरेशन कशाला? जखम लवकर भरत नाही. (हे माझं मत. डॉक्टरांना विचारलेलं नाही.) दिवाळीनंतर निवांत करू. तोवर योजनेचं नाव होईल, एखादा प्रायोजक मिळेल, पैसे जिथल्या तिथं.
सुरेखाला इतक्यात सांगत नाही. उगाच आभार मानत बसेल.

२ जून
गेटवर पाटी लावली. स्वतः रंगवली, ठळक अक्षरांत. ‘देशी – अर्ध्या किमतीत. चौकशी आत करावी.’

३ जून
प्रतिसाद अफाट! अंधार पडता पडता माणसं यायला लागली. बहुतेक जण बांधकामावरचे. कष्टकरी माणसाला निसर्गाची ओढ असतेच. एकानं विचारलं, संत्रा हाय का. मी म्हणालो, फळझाडं दुसऱ्या टप्प्यात. दुसऱ्यानं विचारलं, क्वार्टर भेटंल का. मी समजावून सांगितलं की पाव नाही, अनुदान सरसकट अर्धं आहे. ते फार खूश झाले. बराच वेळ ओट्यावर बसून होते. शेवटी प्रत्येकाला माहितीपत्रक दिलं, तेव्हा उठले.

४ जून
शेजारचे फारूखभाई आले आणि पाटीविषयी हळू आवाजात दोन शब्द बोलून गेले. त्यांच्या घरच्या, तबस्सुमभाभी, गेटपाशी ओढणी तोंडावर धरून उभ्या होत्या. सुरेखाही हसली. लई दिवसांनी हसले म्हणाली. योजनेचा पहिला फायदा घरातच.
पाटी बदलली. ‘स्थानिक वनस्पती अनुदान योजना.’ आज कोणी आलं नाही.

२९ जून
वाटप. छोटेखानी समारंभ, नारळ फोडला. आमच्या रो-हाऊसच्या रांगेतले जवळपास सगळे आले. ‘अर्ध्या किमतीत’ म्हटल्यावर किती घ्यावीत याला धरबंध राहिला नाही. मोनिका मॅडमनी गाडी लावायची जागा भरून जाईल एवढी रोपं नेली. झाडांना गुलाबी फुलं येतात का, असं विचारत होत्या. पिवळी येतात म्हटल्यावर म्हणाल्या, चालेल, अर्धेच तर पैसे द्यायचेत.
अट एकच : अंगणातल्या दोन फरश्या उचलून झाड मातीत लावायचं. सगळ्यांनी माना हलवल्या.
तबस्सुमभाभींनी एकच अडुळसा नेला, पण अर्ज भरला नाही. त्यांना लाभार्थ्यांत धरता येणार नाही.

१३ जुलै
पाहणी दौरा. एकाही अंगणातली फरशी उचललेली नाही. रोपं काळ्या पिशवीतच आहेत. कुणी म्हणालं मिस्त्री भेटत नाही, कुणी म्हणालं आत्ताच तर पेव्हर ब्लॉक बसवलेत. मोनिका मॅडमनी माझं माहितीपत्रक आज वाचलं. म्हणाल्या, काका, यात तर लिहिलंय या झाडांवर मधमाश्या येतात. मी म्हणालो, अगदी बरोबर. त्या म्हणाल्या, घरात लहान लेकरं आहेत, उद्या चावली तर जबाबदार कोण?
एकूण पाहणी समाधानकारक. लोक वाचतायत.

१७ जुलै
माहितीपत्रकाची चर्चा रांगभर झाली. मोनिका मॅडमनी सगळी रोपं परत केली. पैसेही परत मागितले, आणि पूर्ण किमतीनं. वाद नको म्हणून दिले. मागोमाग बाकीचे आले. त्यांनाही तोच दर लावावा लागला. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, हे माझ्या कारकिर्दीत कधी झालं नाही.
रोपं गच्चीवर नेऊन ठेवली. म्हणजे तबस्सुमभाभींच्या पोरानं आणि सुरेखानं नेली. माझ्या कमरेत उसण भरली आहे.

२० जुलै
गच्चीला नळ नाही. खाली तरी कुठं रोज येतो? आठवड्यातून एकदा येणारं पाणी ड्रममध्ये भरून ठेवायचं, त्यातलंच बादलीनं वर न्यायचं. देशी झाडाला पाणी लागत नाही असं भाषणात होतं, पण पुढं ‘एकदा मुळं धरली की’ असंही होतं, ते मी आज ऐकलं.
कामाची वाटणी केली. पाणी घालणे : सुरेखा. देखरेख : मी. ती म्हणाली, देखरेख खालून व्हत असंल तर बरंय, वर यायचा तरास नको तुम्हाला. कल्पना आवडली. जिन्याच्या पायथ्याला खुर्ची ठेवली.

८ ऑगस्ट
पावसानं ओढ दिली आहे. सुरेखा दिवसातून दोनदा वर जाते. प्रत्येक पायरीवर एक पाय, मग दुसरा पाय, मग बादली. चढण्याचा व्यायाम गुडघ्याला चांगला, असं कुठंतरी वाचल्याचं आठवतं.
दवाखान्यातून फोन आला होता, तारखेचं काय म्हणून. पुढं ढकला म्हणालो.
मधमाशी अजून आलेली नाही.

२ सप्टेंबर
माझ्या मोबाईलवरचा बँकेचा मे महिन्यातला मेसेज सुरेखानं वाचला. एफडी कुठं गेली विचारलं. मी शांतपणे सांगितलं की पैसे बुडालेले नाहीत, निसर्गात गुंतवलेत. ती म्हणाली, माझा गुडघा इचारून तरी मोडायचा. आणि बादली घेऊन वर गेली.
मी म्हणालो, आज राहू दे. ती म्हणाली, मरतील ना ती. त्यांचा काय दोष.
एकंदरीत समजून घेतलं.

२१ सप्टेंबर
तरवड जळाली. जास्त पाण्यानं मुळं कुजली, असं याह्याभाई फोनवर म्हणाले. सुरेखाला सांगावं की नाही, ठरत नाही. ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढते आणि तबस्सुमभाभींकडं जाऊन बसते. तिकडून हसण्याचा आवाज येतो, मी गेलो की थांबतो.
दुसरा टप्पा लवकर सुरू केला पाहिजे. पहिल्या टप्प्यातल्या चुका लाभार्थ्यांच्या होत्या. पुढच्या वेळी माहितीपत्रकात मधमाशीचा उल्लेख नको.

१४ ऑक्टोबर
सकाळी पडेगावला गेलो होतो, दुसऱ्या टप्प्याचं बोलायला. फोन शर्टाच्या खिशात होता, पण आवाज बंद. नर्सरीत व्यत्यय नको म्हणून मीच बंद केला होता. बघितला तेव्हा तबस्सुमभाभींचे कितीतरी मिस्ड कॉल.
सुरेखा जिन्यावरून पडली. पायऱ्या ओल्या होत्या. फारूखभाईंनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा एक्स-रे झालेला होता. खुब्याचं हाड मोडलंय.
आज मला भीती वाटली.

१५ ऑक्टोबर
दवाखान्यात अनामत मागितली. मी योजनेचा निधी कसा परत येणार आहे ते काउंटरवर सांगायला लागलो, तर मागच्या लोकांनी बाजूला व्हा म्हटलं. सुरेखाचा भाऊ पुंजाराम पाचोडहून आला. पैसे त्यानं भरले, ऑपरेशनच्या कागदावर सहीही त्यानंच केली. मी पेन काढून उभा होतो. तो म्हणाला, दाजी, तुम्ही बसा.
रागावला असेल. बहीण आहे त्याची. शांत झाला की बोलेन.

२१ ऑक्टोबर
दिवाळी दवाखान्यात. तबस्सुमभाभींनी सुरेखाला शिरखुर्मा आणला, तिनं खाल्ला. मी चिवडा नेला होता. म्हणाली, ठेवा तिथं.
डॉक्टर म्हणतात खुबा जुळेल, पण गुडघा इतका झिजलाय की आता वॉकरशिवाय चालणं अवघड. जुलैत केलं असतं तर, असं म्हणून थांबले. मी म्हणालो, पावसाळा होता. ते पुढच्या कॉटकडं वळले.
गच्चीवर गेलो नाही. तिथं आता काही हिरवं नसणार.

२७ ऑक्टोबर
आज सुरेखाला सोडलं. मी तयारी केली होती. पलंग खालच्या खोलीत आणला, बाथरूमला दांडी बसवून घेतली, पेजेसाठी तांदूळ निवडून ठेवला. इतकं काम मी घरात आजवर केलं नव्हतं. तिला दाखवायचं होतं.
वॉकर धरून मी कॉटशेजारीच उभा होतो. नर्सनं गोळ्या समजावून दिल्या. मग विचारलं, मावशी, घरी बघायला कोण आहे तुम्हाला?
सुरेखा म्हणाली, कुणी नाय.
रागानं नाही म्हणाली. नर्सनं गाव विचारलं असतं तर ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात. नर्सनं तसं लिहून घेतलं आणि मला म्हणाली, काका, तो वॉकर गाडीत ठेवून घ्या.
पुंजारामची जीप दाराशी होती. वॉकर मी मागं ठेवला. पाचोडला किती दिवस ठेवणार, विचारलं. बघू म्हणाला. सुरेखा खिडकीशी बसली होती. मी बाथरूमच्या दांडीचं सांगणार होतो, तोवर जीप निघाली.
रिक्षानं परत आलो. कुलूप काढलं. कुणी नव्हतं.