दुसऱ्यांदा वाढून घेतलेली भाजी

प्रिय रेणू,

तुझ्या लग्नाची कार्डं छापून आली. साडेतीनशे आहेत, दिवाणावर गठ्ठे ठेवले होते. अश्विनच्या नावापुढे डिग्री छापायची राहिली म्हणून तुझे बाबा प्रेसवाल्यावर चिडले, मग आपोआप शांत झाले. सोमवारपासून वाटायला निघायचं ठरलं आहे. कार्ड एकदा नातेवाइकांच्या हाती गेलं की काही बोलायची सोय राहत नाही, म्हणून हे पत्र त्याआधी तुला मिळायला हवं. केशोराव काका उद्या डोळे दाखवायला नागपूरला येत आहेत, त्यांच्याजवळ देते. फोनवर तू 'ठीक आहे' म्हणतेस, मीही 'ठीक आहे' म्हणते आणि फोन ठेवते. त्यातून काही कळत नाही.

तुला वास्त्यांबद्दल, त्या बांबूच्या कोंबांच्या भाजीबद्दल सांगायचं आहे. हसू नकोस. माझ्या माहेरी नागऱ्याला ते कोंब कोणी खात नव्हतं. लग्न होऊन मी नवेगावला आले तेव्हा दोन महिन्यांनी, आषाढात, तुझ्या आजीने पहिल्यांदा ती भाजी केली. घरात पाहुणे होते, नवी सून कशी जेवते ते सगळ्या बायका बघत होत्या. पहिला घास तोंडात गेला आणि मला कळलं की मला हे आवडत नाही. तो वास नाकात बसला. तो एक घास संपवायला मला किती वेळ लागला ते माझं मला माहीत. पण मान वर केली तर आजी वाट बघत होती. मी म्हटलं, छान झाली आहे. आणि इथेच माझं चुकलं, कारण नुसतं म्हणून थांबले नाही, खरं वाटावं म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतली. आजी त्याच संध्याकाळी ओसरीवरून शेजारच्या शामकलाबाईंना सांगत होती, "आमच्या सुनेले वास्ते खूप आवडते."

झालं. गावभर झालं. पाऊस लागला की जंगलात कामाला जाणाऱ्या बायका परतताना आपल्या दारात थांबायच्या आणि ओच्यातून मूठभर कोंब काढून द्यायच्या, तुमच्या सुनेसाठी म्हणून. लोक इतकं प्रेमाने देतात, तिथे नाही कसं म्हणायचं? मी घ्यायचे, सोलायचे, चिरायचे, उकळून पाणी फेकायचे, पुन्हा उकळायचे. खाण्याच्याही युक्त्या शोधल्या. आधी तेवढी भाजी संपवायची, म्हणजे पुढचं जेवण जेवता येतं. भातात दडपायची. कच्चा कांदा चावायचा. घास ठेवायच्या आधी घोटभर पाणी प्यायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा नाही. श्रावणात तर मी सोमवार धरले, शनिवार धरले, मग गुरुवारही धरले. शामकलाबाई म्हणायच्या, पोरगी किती धार्मिक आहे. धार्मिक कसली, भाजी चुकवत होते.

अंगणवाडीत मी बावीस वर्षं पोरांना खाऊ घालते आहे. उसळ नाही आवडली तर पोर सरळ थुंकतं आणि तोंड फिरवतं. आपण रागावतो, पुसून घेतो, पण त्या पोराचं काम झालेलं असतं. मोठ्या माणसाला थुंकता येत नाही. ते गिळतं, आणि गिळता आलं याचं त्याला कौतुकही वाटतं. मलाही वाटायचं. मी समजूतदार आहे असं मला वाटायचं.

मग कधीतरी ती भाजी नावडेनाशी झाली. आवडायला लागली असं नाही. काहीच वाटेना. कोणत्या वर्षी ते सांगता येणार नाही. चार वर्षांपूर्वी आजी गेली, तेव्हा मी ती बंद करू शकले असते. घरात आता मला कोण बोलणार होतं? पण पहिल्याच पावसात बाबा बाजारातून स्वतः कोंब घेऊन आले, तुझ्या आवडीचे म्हणाले, आणि मी चुलीवर पाणी ठेवलं. त्यांचा काय दोष?

मागच्या आठवड्यात आम्ही तुझ्या साड्या घ्यायला गोंदियाला गेलो होतो. दुपार झाली म्हणून बाबा हॉटेलात घेऊन गेले. दोघंच हॉटेलात जेवायला बसायची ही पहिलीच वेळ. बाबांनी त्यांचं सांगितलं. वेटरने मला विचारलं, "मॅडम, आपके लिए?" मी मेन्यूकार्ड हातात घेऊन बसले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, उलटून पुन्हा वाचलं. मला काय आवडतं ते मला आठवेना. घाबरले नाही, रडू आलं नाही, काहीच झालं नाही. तो उभा होता, पंखा फिरत होता. मी म्हटलं, यांना जे तेच.

तेव्हापासून मला तुझं साक्षगंध दिसतं आहे. अश्विनच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, पसंत आहे ना गं? तू म्हणालीस, चांगले आहेत. त्यांनी आणखी काही विचारायच्या आत तू पुन्हा म्हणालीस, खूप चांगले आहेत. सगळे खूश झाले, मी पेढा वाटला. होळीला तू घरी आलीस तेव्हा त्याचा फोन वाजला की तू आधी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पीत होतीस, मगच फोन उचलत होतीस. चार दिवस मी बघितलं. निघताना मी विचारलं तर म्हणालीस, "होईल ना गं सवय." हो, होते. तेच सांगायला एवढं लिहिलं. अश्विनमध्ये काही खोट नाही, मला माहीत आहे. त्या भाजीतही नव्हती, सगळं गाव आवडीने खातं.

काल हे सगळं मी बाबांना सांगितलं, भाजीचंही. ते कार्डांवर नावं लिहीत होते, पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "मी तरी तुले पसंत होतो का?" अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मला खोटं बोलता आलं असतं, त्याची मला सवय आहे. पण मी म्हटलं, "मले तवा कोणी पुसलंच नाही." आता काय वाटतं ते मी शोधून बघितलं, सापडलं नाही, तेही त्यांना सांगितलं. ते चपला घालून बांधाकडे निघून गेले. तासाभराने आले, दिवाणावरचे गठ्ठे उचलून कपाटात ठेवले आणि म्हणाले, "तिचा फोन येतपर्यंत राहू दे." म्हणून लिहिते आहे. नाही म्हणायचं असेल तर कारण देऊ नकोस, पुरावा देऊ नकोस, नुसतं नाही म्हण. साक्षगंध झालेलं मोडलं म्हणून लोक बोलतील, अश्विनच्या घरी जाऊन आम्ही दोघं हात जोडू, ते सगळं मी करीन. फक्त माझं मन राखायला 'चांगला आहे' म्हणू नकोस. तुला अजून कळत असेल, रेणू, म्हणून विचारते. तुला तो आवडतो का?

रविवारपर्यंत फोनजवळ बसलेली,
तुझीच आई