पुढच्या खोलीतलं ऊन

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा अडीच तास! साडेआठला आडवी झाले, अकराला डोळे टक्क उघडे. ऊन थेट तोंडावर. डोकं पायाकडे केलं, तर ते तिथेही आलं. भिंतीकडे तोंड केलं, तर भिंतच चमकायला लागली. ही झोपायची खोली नाही, भट्टी आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात म्हणतात, "इतकं ऊन येतं तुमच्याकडे, नशीबवान आहात." त्यांनी एकदा रात्रपाळी करून माझ्या पलंगावर झोपून दाखवावं. मग नशिबाचं बोलू.

५ मार्च, गुरुवार

लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

चूक झाली. माझ्याकडून. तेरा वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये हेडफोन लावून बसतेय, अशी चूक झाली नव्हती. काल एका मुलीचा फोन आला, वडिलांच्या छातीत कळ. पत्ता — शाळेमागची गल्ली. त्या नावाच्या दोन गल्ल्या आहेत, एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. "कुठली शाळा?" एवढंच विचारायचं असतं. नव्या मुलींना मीच शिकवते हे. आणि मीच विचारलं नाही. डोळ्यांवर इतकी झापड होती की तिचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटत होतं. गाडी नदीपलीकडे गेली. अठरा मिनिटं फुकट.

ते गृहस्थ वाचले. माझ्यामुळे नाही, चुकीची गल्ली बघून ड्रायव्हरनेच परत फोन केला म्हणून.

सुपरवायझर बाईंनी सकाळी खुर्ची ओढून समोर बसवलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "पुन्हा असं झालं तर तुझा हेडफोन काढून घ्यावा लागेल मला. स्टोअरमध्ये बसायचं, बॅटऱ्या मोजत." लेखी मेमोही दिला. जाताना म्हणाल्या, "झोपत जा गं."

झोपत जा! जणू मी हौसेने जागते.

६ मार्च, शुक्रवार

मेमो ह्यांना दाखवला. वाचून म्हणाले, "पडदे घेऊ की चांगले जाड."

पडदे घेऊ. अहो, मुळात मी त्या खोलीत का झोपते? तीन महिन्यांपूर्वीपर्यंत आपण मागच्या खोलीत होतो ना? तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल. दिवसाढवळ्या तिथे काळोख. रात्रपाळीवाल्या बाईला आणखी काय हवं? मग अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही मोतीबिंदू काढले, आणि एकटे नकोत म्हणून त्यांना इथे आणलं. आणावंच. सासरे आहेत, मी कधी नाही म्हटलं नाही. पण कोणी कुठे झोपायचं ते ह्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं! मी ड्यूटीवरून आले तर माझा पलंग पुढे, अप्पांची खाट मागे. "अप्पांना अंधाराची सवय आहे. फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये चाळीस वर्षं काढली त्यांनी. त्यांना तिथेच बरं वाटेल." आणि मला? "तुलाच तर ती खोली कोंदट वाटायची."

एकदा म्हटलं होतं. एकदा! सहा वर्षांपूर्वी, पावडरचा डबा सांडला तेव्हा.

आता म्हाताऱ्या माणसाला खोलीतून उठवा कसं म्हणणार? ज्याचं जळतं त्याला कळतं.

८ मार्च, रविवार

पडद्यांच्या दुकानात दोन तास. दुकानदार प्रत्येक कापड उचलायचा आणि ट्यूबलाइटकडे न धरता स्वतःच्या पोटाला लावून दाखवायचा. "बघा ताई, आरपार काही दिसतंय का?" पोटातून काय दिसणार?

शेवटी मी मोबाइलचा टॉर्च लावून एकेका कापडामागे धरला. अर्ध्या "पूर्ण काळोख" पडद्यांतून माझी बोटं मोजता येत होती. एक चांगलं निघालं, मागून रबरासारखं अस्तर, काळं. पण ह्यांना काळा रंग नको. "घर आहे ते, थिएटर नाही." मग म्हणे त्याच जातीचं बदामी रंगात घेऊ. घेतलं. मापं ह्यांनी घरून लिहून आणली होती. चिठ्ठी दुकानदाराला अशी दिली, जणू पुलाचा नकाशा.

११ मार्च, बुधवार

पडदे आले. लावले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

ह्यांनी माप घेतलं ते काचेचं. नुसत्या काचेचं. चौकटही धरली नाही. पडदा काचेएवढा, आणि चारी बाजूंनी उन्हाची झालर. मधे बदामी चौकोन, भोवती लखलखाट. आधी ऊन नुसतं यायचं, आता सजून येतं.

विचारलं तर म्हणाले, "उजेड काचेतूनच येतो ना?" उंटावरचा शहाणा माझ्याच नशिबी यायचा होता.

तीन तास दहा मिनिटं झोप.

१४ मार्च, शनिवार

काल एकटी गेले. दुसरं दुकान. काळा पडदा, तिप्पट घेर, जमिनीपर्यंत. ह्यांना विचारलं नाही. सुतार येऊन दांडी छताजवळ ठोकून गेला.

आणि काय झालं? दांडी ओवायला वर कड्यांची भोकं असतात. सोळा भोकं. आज सकाळी नऊला त्या सोळा भोकांतून सोळा चकत्या माझ्या पांघरुणावर. मी झोपायच्या ऐवजी त्या सरकताना बघत होते. दहाला पहिली चकती गुडघ्यावर आली.

त्यात अप्पा. साडेदहाला दार उघडून आत. हे काही आजचं नाही, रोजचंच आहे. आज म्हणे, "माझा चष्मा इथे राहिलाय का?" चष्मा कपाळावर! काल नेलकटर हवं होतं, परवा पेपर. येतात, खिडकीपाशी खुर्ची आहे तिथवर जातात, पडद्याची कड धरून घुटमळतात, आणि मग माझ्याकडे बघून बाहेर. मी झोपेचं सोंग घेते. दात आवळून.

१६ मार्च, सोमवार

काल रात्री फोनवर एका बाईला तिचाच नंबर दोनदा विचारला. काही बिघडलं नाही. पण शेजारच्या मुलीने वळून बघितलं.

बॅटऱ्या मोजत बसायची वेळ येणार आहे माझ्यावर.

१७ मार्च, मंगळवार

व्हायचं ते झालं.

मोजून चाळीस मिनिटं झोपले असेन. डोळ्यांवर एकदम पांढरं. अप्पांनी पडदा चांगला हातभर सरकवला होता आणि खुर्चीत बसले होते. तोंड वर, डोळे मिटलेले. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. एवढं आठवतं: "घरातली एकुलती एक अंधारी खोली तुमच्याकडे आहे! तिथे तुम्ही दिवसभर ट्यूबलाइट जाळत बसता, आणि इथे माझ्या डोळ्यांवर ऊन ओतता! माझ्या हातात लोकांचे जीव आहेत, कळतं का तुम्हाला?"

सासऱ्यांशी असं बोलायचं नसतं हे मला शिकवायला कोणी नको. पण बोलले. आणि बोलताना बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

ते उठले. पडदा जागेवर ओढला, कड नीट केली. मग मला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "कापड चांगलं आहे गं. उजेड कापडातून येत नाही, कडेने येतो." आणि गेले.

हे संध्याकाळी म्हणाले, "अप्पा जेवले नाहीत दुपारी." मी म्हटलं, मीही झोपले नाही दुपारी. फिटंफाट.

१८ मार्च, बुधवार

ड्यूटीवरून आले तर अप्पा माझ्या खोलीत स्टुलावर चढलेले! ऑपरेशन होऊन तीन महिने झालेला माणूस! खाली उतरा म्हटलं, तर म्हणे, "पट्टी धर."

जाड काळा कागद, चिकटपट्टी, काळ्या लोकरी कापडाच्या पट्ट्या. कुठून आणलं सगळं कोण जाणे. दांडीच्या वर कागदाचं पेटीसारखं झाकण केलं, त्यामुळे ती सोळा भोकं गेली. पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीला चिकटवल्या. दाराखालच्या फटीला लोकरी पट्टी. मग दार लावून म्हणाले, "आता दहा मिनिटं गप्प बसायचं. डोळे निवू देत. मग खरा चोर दिसतो."

बसलो. मी पलंगावर, ते खुर्चीत. आधी सगळं काळं वाटलं. मग हळूहळू एकेक चोर दिसायला लागला. किल्लीचं भोक. चौकटीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. चार्जरचा हिरवा ठिपका. अप्पा उठायचे, अंधारात बरोबर तिथे हात न्यायचे, पट्टी लावायचे. एकदाही ठेचकाळले नाहीत. "एवढासा उजेड शिरला तर फोटोच्या कागदाचं आख्खं पाकीट वाया जायचं. मालक पगारातून कापायचा."

मी विचारलं, चाळीस वर्षं कसे हो राहिलात असे? म्हणाले, "पोटासाठी माणूस कुठेही राहतो. जेवायच्या सुट्टीत मात्र मी रस्त्यावर यायचो. उभ्याने जेवायचो, उन्हात." आणखीही काहीतरी सांगत होते. मला इतकी झोप आली होती की पुढचं कानावर पडलं नाही.

कालच्या बोलण्याबद्दल मी काही म्हणाले नाही. तेही नाही.

१९ मार्च, गुरुवार

सात तास! सलग!

२२ मार्च, रविवार

काल सात, आज आठ. उठले तेव्हा सकाळ की संध्याकाळ ते कळेना. किती वर्षांनी असं झालं.

ह्यांनी पाहुण्यांना खोली दाखवली. "आम्ही केलं असं." आम्ही! हात लावला नाही कशाला. नुसतं काचेचं माप.

अप्पा आता आत येत नाहीत. मागच्या खोलीत असतात, किंवा खाली इमारतीच्या पायरीवर. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत येतात म्हणून वॉचमनने ह्यांच्याकडे तक्रार केली. ह्यांनी अप्पांना सांगितलं, "घरात बसत जा ना, खोली आहे ना तुम्हाला." मला त्या वॉचमनचा राग आला, आणि ह्यांचाही. पण मी ड्यूटीच्या घाईत होते.

२४ मार्च, मंगळवार

काल रात्री एका आजोबांनी पत्ता सांगता सांगता बोलणं सोडलं. नुसता श्वास. मी लाइन धरून ठेवली. मागे देवळाची घंटा नव्हती, गाड्या नव्हत्या, एक गिरणी चालू होती. पिठाची. ती गिरणी पहाटेपर्यंत चालते ते मला माहीत आहे. गाडी सहा मिनिटांत पोचली. सकाळी सुपरवायझर बाईंनी मेमो माझ्यासमोर फाडला. म्हणाल्या, "झोपतेस वाटतं हल्ली."

घरी येऊन अप्पांना सांगायचं म्हणून मागच्या खोलीत डोकावले, तर खोली रिकामी. धाकट्या नणंदेकडे गेले म्हणे, चार दिवसांसाठी. हेच सोडून आले. मला न सांगता! एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं? एवढं चांगलं झालं, आणि ज्यांना सांगायचं तेच नाहीत. चडफडतच झोपले. झोप मात्र लागली.

२७ मार्च, शुक्रवार

नणंदेचा फोन. "अप्पा आता इथेच राहतो म्हणतायत, वहिनी. सकाळी सातपासून गॅलरीत उन्हात खुर्ची टाकून बसतात. जेवायलासुद्धा आत येत नाहीत. ज्या माणसाचा जन्म अंधारात गेला, त्याला तुम्ही ती खोली दिलीत?" मी म्हटलं, त्यांना सवय आहे म्हणून. वाक्य ह्यांचं. निघालं माझ्या तोंडून.

फोन ठेवून मागच्या खोलीत गेले. दुपारचा एक. ट्यूबलाइट बंद केली. स्वतःचा हात दिसेना. त्या खिडकीला पडदासुद्धा नाही.

परवा सुट्टी आहे. आणायला जाते. येतील की नाही ते मला सांगता येत नाही. पुढच्या खोलीतले पडदे आत्ताच काढले. कडेच्या पट्ट्या निघत नाहीयेत. फार घट्ट लावल्यात त्यांनी.