बिळीचा काटा लालात जातो

म्हैसूर, रविवार

ती. जयवंतीआत्यास,

मृण्मयीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? उत्तरात नुसतं "बरा आहे" लिहू नकोस. न थांबता किती पायऱ्या चढतेस ते लिही, म्हणजे मला अंदाज येईल. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, झोप पुरेशी होते, आणि आईने तुझ्यामार्फत विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही, कोणी नाही" असं आहे. पत्र हाताने लिहिते आहे, कारण मोबाईलवर तू दोन ओळींपुढे वाचत नाहीस आणि हे प्रकरण दोन ओळींत मावणारं नाही.

माझ्या घरमालकीण गिरिजाबाई. हिनकलच्या घरात त्या खाली राहतात, मी वर. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण मधूनमधून कन्नड येते (पहिला महिना मी नुसती मान हलवत होते). त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी घेतलेली पांढरी मोटार त्या अजून चालवतात. तिचं नाव बिळी, म्हणजे कन्नडमध्ये पांढरी. महिन्यातून एकदा बिळी घेऊन त्या एकट्या पिरियापट्टणला बहिणीकडे जातात. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, हे तुला माहीत आहे. पण या बाई वळताना कोपरापर्यंत हात बाहेर काढून खूण करतात, गिअरचा आवाज होऊ देत नाहीत, आणि मागून हॉर्न मारणाऱ्या बसला आरशात बघून शांतपणे म्हणतात, "इरप्पा, थांब की जरा, रस्ता कुठं पळून चाललाय?"

गेल्या आयुधपूजेपासून (म्हणजे आपली खंडेनवमी, इथे त्या दिवशी पान्यालाही हळदकुंकू लागतं) बिळीच्या तापमानाचा काटा लालात जाऊ लागला. त्याच सुमारास पेट्रोल मात्र संपेनासं झालं. पूजेच्या दिवशी त्यांचा मुलगा सुधींद्र याने डॅशबोर्डवर चामुंडीची पितळी प्रतिमा बसवली होती. पेट्रोल पुरतं ते देवीमुळे, असं गिरिजाबाईंनी सगळ्या नातेवाइकांना कळवलं. सुधींद्र हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, त्यामुळे त्याने फक्त लाल काटा पाहिला. मग गेल्या महिन्यात हुणसूर रस्त्यावर बिळी बंद पडली. काटा लालात होता, तेव्हा इंजिन तापून गेलं असा निष्कर्ष निघाला. तंबाखूच्या एका ट्रॅक्टरने तिला दोरखंड बांधून घरी आणलं. ओढून आणली जात असतानाही गिरिजाबाई स्टिअरिंगवर ताठ बसून प्रत्येक वळणाला हात दाखवत होत्या. (हे मी गच्चीवरून स्वतः पाहिलं. त्या क्षणापासून माझा तटस्थपणा संपला.)

सुधींद्रने ठरवलं, गाडी विकायची. चिदंबर नावाचे एक हॉटेलवाले तयारही झाले. त्यांना ती हॉटेलसमोर उभी करून बॉनेटखाली झेंडू लावायचा होता. गिरिजाबाई भांडल्या नाहीत. "ती म्हातारी, मी म्हातारी, ताप येतो नि जातो," एवढं बोलून आत गेल्या आणि दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. माझं कामच मापनयंत्रं तपासण्याचं. चिदंबर रविवारी येणार होते. तोवर गाडी मला द्या, असं मी सुधींद्रला सांगितलं.

आधी इंजिनातला तापमानाचा सेन्सर काढून पातेल्यात उकळला, शेजारी माझा थर्मामीटर ठेवून. (इथे उंचीमुळे पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं. गिरिजाबाईंना हे म्हैसूरचं कौतुक वाटलं. पातेलं मात्र पुन्हा सारासाठी घ्यायला त्यांनी नकार दिला.) सेन्सर अचूक निघाला. मग गाडी सुरू करून बघायला गेले, तर ती सुरूच होईना. काटा पाव टाकी दाखवत होता. मी टाकीत काठी घातली. ती कोरडी वर आली.

म्हणजे बिळी तापून बंद पडली नव्हती. पेट्रोल संपलं होतं. दोन्ही काटे खोटं बोलत होते आणि दोन्ही एकाच दिशेला, तेव्हा दोष दोघांच्या सामाईक भागात असणार. डॅशबोर्डमागे एक लहान डबी असते. ती दोन्ही काट्यांना जास्त व्होल्टेज मिळू देत नाही. पण तिचं अंग गाडीच्या पत्र्याला टेकलेलं असेल तरच ती काम करते. ती डबी ज्या स्क्रूने बसवलेली असते, त्याच स्क्रूवर सुधींद्रने देवी बसवली होती. देवी उघड्या पत्र्यावर कशी बसवायची, म्हणून खाली मखमल घातली, आणि ती खडखडू नये म्हणून पत्र्याच्या मागेही, म्हणजे नेमकी पत्रा आणि डबी यांच्यामध्ये.

"म्हंजे देवीनं काहीच केलं नाही काय गं?" गिरिजाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, देवीने नाही, मखमलीने. त्यांनी मखमलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अय्यो, मखमल तरी चांगली आणलाय माझा मुलगा." त्याला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत, फक्त कॅन देऊन पेट्रोल आणायला पाठवलं. आज चिदंबर आले, तेव्हा गिरिजाबाईंनी त्यांना शेजारी बसवून हूटगळ्ळीपर्यंत फिरवून आणलं. तापमानाचा काटा मध्याच्या खालीच राहिला. उतरल्यावर त्यांना कॉफी दिली आणि झेंडूची दोन रोपंही. ते मुकाट्याने रोपं घेऊन गेले.

तुझी,
मृण्मयी

ता. क. देवी जागेवरच आहे, मखमलीसकट. डबीला मी वेगळी वायर जोडून दिली.

ता. क. २. गिरिजाबाईंना दिवाळीला सांगलीला यायचं आहे, बिळी घेऊन. एवढ्या लांब सुधींद्र सोडणार नाही. पण वडीलधाऱ्या बाईचं आग्रहाचं बोलावणं आलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. ते तू लिहायचं आहेस. ओळख नाही ही अडचण धरू नकोस. तुझा फोटो बघून त्यांनी "ही आमच्यातलीच" असं ठरवलं आहे.

ता. क. ३. हुबळीपासून पुढे मी चालवणार आहे. त्यांच्याकडे शिकवणी सुरू आहे. आईला यातलं काही कळवू नकोस. फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुरुस्त करून सांग: आहे एक. वय त्र्याहत्तर, स्वतःची गाडी आहे.