ज्योतीच्या वहीवरची माझी सही

शिरपूर, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या एफ.वाय.च्या वर्गातल्या ज्योतीनं आज स्टँडवर एकाचं डोकं दगडानं फोडलं. महिनाभर तो तिचा पिच्छा पुरवत होता, आज हात धरला. तिनं तीनदा मारलं. तीनदा! कान फाटून लोंबत होता म्हणे. तो दवाखान्यात, ती ठाण्यात.

काल मी जर-तरची इंग्रजी वाक्यं लिहायला दिली होती, पुढे काय होईल अशी. बाकीच्यांनी पाऊस, परीक्षा लिहिली. तिनं लिहिलं, ‘तो पुन्हा आडवा आला, तर मी त्याचं डोकं फोडीन.’ मी बरोबरची खूण केली, खाली सही, तारीख. वर म्हणाले, “बाई गं, तुझी तर भीतीच वाटते!” वर्ग हसला. ती नाही. तो कोण, हे मी का विचारलं नाही?

वही माझ्याकडेच आहे. मघाशी तिची आई आली. “मॅडम, ते पान फाडी टाका ना. पोलीस म्हनतीन, ठराईसन मारं.”

ठरवून मारलं, असंच म्हणतील ते. फाडू? माझा खरेपणा पोरीला महागात पडला तर?

नाही फाडलं. उद्या वही घेऊन ठाण्यात जाते. तो आडवा येतो, हे तिनं आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं; तेही त्याच पानावर आहे. खाली सही माझी आहे.