एका बाजूचं जहाज

१४ ऑक्टोबर
कंटाळा. पहाटे चारला दुधाचा टेम्पो बावधनला, दहाला परत गावी, मालेत. अंग मोडून आलंय. तरी लिहितोय, कारण कॉलेजातली किमया भेटली! तिच्या सोसायटीच्या गेटबाहेर उभी, हातात भलामोठा खोका. "हे घे. जहाज आहे. लाकडी. तुकडे जोडून करायचं." मी म्हटलं, माझा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो. हसली नाही. "तीस नोव्हेंबरला मी हैदराबादला चाललेय, ट्रेनिंगला. त्याआधी पूर्ण करून दाखव. सिद्धू, एक तरी गोष्ट शेवटाला ने!"
टोमणा कॉलेजवरून. कळतं मला.
पण तीसच्या आत केलं तर? तर विचारणार. सरळ विचारणार — थांबशील का माझ्यासाठी?

१५ ऑक्टोबर
खोक्यात कणा, अकरा फासळ्या, पातळ पट्ट्यांचा जुडगा, दोरा, शिडाचं कापड. जहाज जुन्या काळातलं, दोन डोलकाठ्यांचं. माहितीचं पुस्तक चाळीस पानांचं, इंग्रजीत. कोण वाचणार! चित्रं आहेत की.
जहाजांचं वेड जुनंच. समुद्र दोनदाच पाहिलाय, तोही ताम्हिणी घाटातून सहलीला जाऊन, पण तासाला बसलो की वहीच्या मागच्या पानांवर हेच काढायचो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, त्या दिवशी घरी येऊन सगळ्या वह्या चुलीत घातल्या. आजोबांनी, म्हणजे आबांनी, पाहिलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. चार महिने! काय असेल ते शेळीला सांगतात, मला ऐकू जाईल असं. आत्ताही — "भुरे, तुज्या मालकाला सांग, भाकर निवली."
मी उत्तर देत नाही. शेळीला कोण उत्तर देणार?

२१ ऑक्टोबर
सांगाडा झाला. बोटं फेविकॉलनं चिकट. टेम्पोचं स्टिअरिंगसुद्धा चिकट. शेजारचा बहिरू डोकावला. "सिद्ध्या, धरणात सोडायची का व्हय? मग जरा मोठी कर की, आमी बी बसतो!" डोलकाठी फेकून मारली. मग अर्धा तास गवतात डोलकाठी शोधत बसलो.

१ नोव्हेंबर
पट्टी गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, फासळ्यांवर चिकटवायची, कपड्यांचे चिमटे लावून वाळू द्यायची. दिवसाला दोन-तीनच होतात. डाव्या बाजूला हात बसलाय, म्हणून आधी तीच संपवतोय. उजवी नंतर एकदम!

२ नोव्हेंबर
किमयाला फोन केला. उचलला नाही.

९ नोव्हेंबर
डावी बाजू पूर्ण!! किमयाला फोटो पाठवला. लगेच उत्तर — "मस्त. समोरून दाखव."
समोरून मी स्वतःच पाहिलं नव्हतं. पाहिलं. कणा वाकलाय. नाक एकीकडे, शेपूट भलतीकडे. केळं झालंय केळं! आता पुस्तक उघडलं. पान बारा — एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, अशा आळीपाळीनं लावा, नाहीतर सांगाडा वाकतो.
पान बारा! एवढंसुद्धा वाचलं नाही मी.
समोरचा फोटो पाठवला नाही. जहाज अंगणात भिरकावलं.

१० नोव्हेंबर
टेम्पो लावून आलो तर जहाज ओट्यावर, दोन विटांच्या मधे उभं. निखळलेल्या दोन फासळ्या शेजारी रुमालात. आबा भुरीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "भुरे, मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो तवा समदं बिऱ्हाड घोड्यावर. भांड्याचं गठुडं डावीकडं टाकलं की दाण्याचं पोतं उजवीकडं. एकाच अंगाला वझं लादलं तर घोडं बी वाकडं चालतंय. त्यात घोड्याचा काय दोस?"
मी आत निघून गेलो. डोळे चुरचुरत होते. झोप नाही पुरेशी, दुसरं काय.

१६ नोव्हेंबर
दोन रस्ते आहेत. उजवी बाजू दाबून बसवायची, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वर रंग. तीसला होईल. एका बाजूनं फोटो बरा येईल. नाहीतर सगळ्या पट्ट्या काढायच्या. मग तीस तारीख गेली. आणि तिच्याबरोबर किमयाही.
पौडवरून लांबीचा डबा आणलाय.

१८ नोव्हेंबर
डबा उघडला. बघत बसलो. बंद केला.
गरम पाण्याचा फडका धरून पहिली पट्टी सोडवली. फेविकॉल मऊ पडतो, पट्टी अख्खी निघते. पण लावण्यापेक्षा काढायला जास्त वेळ! थकलो.

२४ नोव्हेंबर
सगळ्या निघाल्या. तीन मोडल्या. दुपारी उठलो तर ओट्यावर बांबूच्या तीन नव्या पट्ट्या — चिरलेल्या, तासलेल्या, वाफेवर वाकवलेल्या. फांद्या ओढायची आकडी आबा वाकवतात तशा. कुणाला काही बोलले नाहीत. शेळीलाही नाही.

३० नोव्हेंबर
गेली असेल आत्ता. भेटायला गेलो नाही. फोटो पाठवला — उघड्या फासळ्या, डावीकडे एक पट्टी, उजवीकडे एक. समोरून. खाली लिहिलं, "पूर्ण नाही झालं. पुन्हा सुरू केलंय." विचारायचं होतं ते विचारलं नाही.

२ डिसेंबर
किमयाचं उत्तर. "सिद्धू, मी थांबलेय असं समजू नकोस. आणि तो खोका माझा नव्हता. सप्टेंबरात तुझे आबा मला शोधत कॉलेजच्या गेटवर आले होते. हातात तुझी अर्धी जळकी वही. मागची जहाजं दाखवून म्हणाले, पोरी, हे कुटं मिळतं गं? मी फक्त मागवलं. पूर्ण करायची अटही त्यांचीच. म्हणाले, माजं नाव सांगू नगंस, फेकून दील."
तीनदा वाचलं. ओट्यावर जाऊन बसलो. आबा समोरच होते.
"भुरे," म्हटलं, "आबांना सांग, उजवीकडची पट्टी धरायला एक हात कमी पडतोय."